गोव्यात दोस्तांबरोबर गोल्फ : तुमचे अनुभव लिहा

हौशी गोल्फवाल्यांनो, आणि त्यांच्यामागे फरफटत जाणाऱ्यांनो, शनिवार-रविवार जोडून खेळायला जाता तेव्हा काय काय होतं ते लिहा. स्कोअर खरा सांगायची सक्ती नाही.

सुरुवात माझ्यापासून. आम्ही पर्वरीचे चौघे, कॉलेजपासूनचे. जातो ते काणकोणला, राजबागच्या ललित रिसॉर्टमध्ये. कोर्स ९ होलांचाच, पण टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, दुहेरी. दुसऱ्या फेरीत तेच होल वेगळ्या जागेवरून खेळायचे, की झाले १८. जवळच समुद्र आणि तळपण नदीचं मुख, त्यामुळे दुपारचा वारा चेंडूचं काय करील ते त्यालाच ठाऊक. गोल्फच्या नियमांप्रमाणे २०१९ पासून हरवलेला चेंडू शोधायला पाचऐवजी तीनच मिनिटं मिळतात. आमच्यात मात्र शोधणारा दमेपर्यंत मुभा आहे.

पुणेकर, निवृत्त
आम्ही मित्र वर्षातून एकदा येतो. पूर्वी एकूण फटके मोजायचो आणि जेवणाच्या टेबलावर दोघे तरी फुरंगटलेले असायचे. मग स्टेबलफोर्ड ही गुणांची पद्धत सुरू केली: पारला (होलसाठी ठरलेले फटके) २ गुण, बर्डीला (एक फटका कमी) ३, बोगीला (एक जास्त) १, त्याहून वाईट खेळलात तर शून्य. शून्य ठरलं की चेंडू उचलायचा आणि पुढे चालायचं. एका होलवर ११ फटके मारणाऱ्याची फजिती तिथल्या तिथे संपते. मैत्री टिकवायची असेल तर हाच हिशेब बरा.

मडगावहून, न खेळणारी
नवरा आणि त्याचे मित्र बाणावलीला ताज एक्झॉटिकाच्या ९ होलांवर सकाळी सातला हजर. दहानंतर उन्हात उभं राहवत नाही, म्हणून घाई. आम्ही बायका तोवर किनाऱ्यावर चालून, नाश्ता करून मोकळ्या. एकदा आम्हालाही घेतलं. सगळ्यांनी मारायचं, ज्याचा चेंडू उत्तम पडेल तिथूनच पुढचा फटका पुन्हा सगळ्यांनी मारायचा. याला म्हणे टेक्सास स्क्रॅम्बल. माझा एक पट (हिरवळीवरून होलकडे ढकललेला फटका) थेट आत गेला. त्यावर अजून बोलणं चालू आहे (माझंच).

पेडणेकर
मजा करा, पण आमच्याकडची बाजूही कळू द्या. तेरेखोलला गोल्फचा प्रकल्प आला तेव्हा गावाने कडाडून विरोध केला होता. कुळांच्या जमिनी, काजूची झाडं, पाणी, सगळाच प्रश्न होता. मला वाटतं आहेत तेवढे छोटे कोर्स गोव्याला पुरे. हिरवळीला पाणी लागतंच, आणि एप्रिल-मेमध्ये ते कुठून आणायचं?

पुणेकर, निवृत्त
पटलं. तसंही आमच्या गुडघ्यांना ९ होल पुरतात.

फोंड्याहून
मार्च-एप्रिलमध्ये या. खेळ लवकर आटपायचा, आंघोळ, मग उर्राकात (काजूची हंगामी दारू) लिमका, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. जूनमध्ये आलात तर मासेमारी बंद, मैदान चिंब आणि ताटात सुकं खारं, म्हणजे खारवलेली सुकी मासळी.

मुंबईकर
मोपा विमानतळाचं तिकीट स्वस्त मिळतंय. काणकोणसाठी घेऊ का?

धागाकर्ता
नको. मोपा उत्तरेच्या टोकाला, काणकोण दक्षिणेच्या. दाबोळी विमानतळावर उतरा, नाहीतर कोकण रेल्वेने मडगावपर्यंत या. आणि गोल्फच्या किटवर जाड खोळ चढवा. गाडीच्या डिकीत चौघांच्या बॅगा मावत नाहीत, त्यामुळे एक कोणाच्या तरी मांडीवर येतेच.