अप्रेंटिस आणि साइटवरचा ‘ट्रेनी’

डिप्लोमानंतर वर्षभर अप्रेंटिस राहणं म्हणजे बिल्डरला स्वस्तात माणूस पुरवणं, असं अनेकजण म्हणतात. मला ते निम्मंच पटतं. पुण्याजवळच्या वाकड-रावेतच्या बांधकाम साइटवर ‘ट्रेनी’ म्हणून राबणारी बरीच मुलं कायद्याने अप्रेंटिस नसतातच. १९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली लेखी करार होऊन तो नॅट्सच्या (डिप्लोमा-पदवीधर अप्रेंटिसांसाठीची केंद्राची योजना) पोर्टलवर नोंदवावा लागतो. २०१९च्या नियमांनी डिप्लोमावाल्याला दरमहा किमान ८,००० आणि पदवीधराला ९,००० रुपये विद्यावेतन ठरवलं. या किमान रकमेचा निम्मा वाटा केंद्र सरकार उचलतं. वर्ष पुरं केलं की सरकारी प्रमाणपत्र. नोंदणीच नसेल तर ती नुसती कमी पगाराची नोकरी, मग एचआरवाले तिला काहीही म्हणोत. मात्र करारात तसं लिहिलेलं नसेल तर पुढे कायम करण्याचं बंधन कंपनीवर नसतं, हेही धरून चाला.

आमच्याकडे येणारी मुलं क्यूब (काँक्रीटची ताकद तपासायचे नमुना ठोकळे) भरायला लावलं की वैतागतात. भरा की! १५० मिमीचे ते ठोकळे ७ आणि २८ दिवसांनी फोडतात तेव्हा लॅबमध्ये उभे राहा, आकडे स्वतः रजिस्टरात लिहा. स्लॅब भरण्याआधी कन्सल्टंटचा माणूस सळई तपासायला आला की ड्रॉइंग घेऊन त्याच्या मागे फिरा. बार बेंडिंग शेड्यूल, म्हणजे सळया किती लांबीच्या कापायच्या नि कशा वाकवायच्या याचा तक्ता, तिथे जितकं कळतं तितकं वर्गात कळत नाही. आणि शेवटचे काही महिने बिलिंगला, म्हणजे झालेलं काम मोजून बिलं बनवायला, बसवा म्हणून मागे लागा. (मी बिलिंगवालाच आहे, त्यामुळे थोडा पक्षपात गृहीत धरा.)