मदत हवी आहे: आईच्या पोटात औषधांना न जुमानणारे जंतू, घरात दोन वर्षांची मुलगी

नमस्कार मंडळी. आम्ही नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला राहतो. महिन्यापूर्वी आई कोल्हापूरहून आली. निघण्याआधी लघवीच्या इन्फेक्शनसाठी ती चार दिवस तिकडे ॲडमिट होती. इथे पित्ताशयातल्या खड्यांनी उचल खाल्ली, ऑपरेशन ठरलं. परदेशातल्या हॉस्पिटलात राहिल्याचं आम्ही सांगितलं, तर लगेच गुदद्वारातून स्वॅब घेतला. रिपोर्ट: एनडीएमवाला क्लेब्सिएला (क्लेब्सिएला हा आतड्यात राहणारा जंतू, एनडीएम हे भारी अँटिबायोटिक्सही निकामी करणारं त्याचं एन्झाइम).

ताप नाही, जळजळ नाही, आई ठणठणीत. तरी हॉस्पिटलात स्वतंत्र खोली, येणारा-जाणारा गाऊन-ग्लोव्ह्ज चढवून. आई म्हणते, "मला वाळीत टाकलंय का गं?" (आजीचं सोवळं आयुष्यभर सांभाळलं तिने, आता बाजू उलटली.)

मी वाचत बसले. एनडीएममधलं एनडी म्हणजे नवी दिल्ली. 2008 साली स्वीडनमध्ये एका भारतीय वंशाच्या रुग्णात हे सापडलं, तो आधी दिल्लीत ॲडमिट होता. नावावरून आपल्याकडे 2010 मध्ये केवढा गदारोळ झाला! मलाही राग आलाच. पण 2011 च्या पाहणीत दिल्लीतल्या नळाच्या पाण्याच्या 50 पैकी 2 नमुन्यांत या एन्झाइमचा जीन मिळाला, त्यामुळे नुसत्या नावावर चिडून काय होणार?

इथल्याच एका अभ्यासात दोन हजार डच प्रवासी तपासले. दक्षिण आशियात जाऊन आलेल्यांपैकी 75 टक्के लोक पोटात ईएसबीएल (अनेक अँटिबायोटिक्स निकामी करणारं दुसरं एन्झाइम) असलेले जंतू घेऊन परतले. साधे पर्यटक हो! निम्म्यांचे महिन्याभरात गेले, पण सुमारे 11 टक्क्यांमध्ये वर्षानंतरही होते. हे आकडे ईएसबीएलचे, ते एनडीएमला लावता येतात का?

दुसरं, आई नातीला हाताने घास भरवते. थांबवू का? आणि "लागतील म्हणून" मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या बॅगेत आहेत. नवरा म्हणतो, कोर्स करून टाकू या.

प्रतिसाद १
मायक्रोबायोलॉजीत काम करते. गोळ्या अजिबात नको! जंतू नुसता आतड्यात बसलाय, त्याला औषध देत नाहीत. गोळ्यांनी शेजारचे चांगले जंतू मरतील आणि याला मोकळं रान मिळेल. आकडे तसेच्या तसे लावू नका, ते निरोगी प्रवाशांचे होते. तुमच्या आई ॲडमिट होत्या, औषधं झालेली. त्यांनी संडासहून आल्यावर आणि स्वयंपाकाआधी साबणाने नीट हात धुवावेत, टॉवेल वेगळा ठेवा. नातीला खुशाल मांडीवर घेऊ देत. डायपर बदलायचं काम सध्या तुम्ही करा. भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही रिपोर्ट दाखवा, ऑपरेशनआधीचं अँटिबायोटिक निवडताना त्यांना तो लागेल.

धागाकर्ती
खूप आभार ताई. गोळ्या उद्या फार्मसीत परत देते. घास भरवण्याचं मात्र कळलं नाही. हात धुऊन भरवला तर चालेल ना? लेक चमच्याने खातच नाही.

प्रतिसाद १
चालेल. नखं तेवढी कापा.