सारखं बळ म्हणजे तोल नव्हे

भाऊ, दोन्ही बाजूंना सारखंच बळ दिलं की खेळ तोलाचा होतो, हे मला पटत नाही. कबड्डीच घ्या. एकटा चढाईपटू सात जणांत शिरतो, तरी खेळ एकतर्फी होत नाही. समोर सहा किंवा जास्त असतील तरच बोनस, म्हणजे बोनस रेषा ओलांडल्याचा जादा गुण. तीन किंवा कमी उरले की पकडीला 2 गुण, म्हणजे अव्वल पकड. मागे पडलेल्याला वाट राहते, पण फुकट काही मिळत नाही.

अमळनेरकडच्या एका गावात मातीवरचा सामना पाहत होतो. तिघंच उरलेले, आता लोण बसणार, म्हणजे सगळा संघ बाद होणार, म्हणून माणसं उठायला लागली. कोपऱ्यातल्या पोराने घोटा धरला तो सोडलाच नाही, बाकी दोघांनी वरून झडप घातली. उठलेली माणसं पुन्हा खाली बसली.

सलग दोन रिकाम्या चढायांनंतर तिसरीत गुण आणायचा, नाहीतर बाद, हा नियमही मोलाचा. आघाडी धरून नुसता वेळ काढणं अवघड जातं.