कॅम्पस सेफ्टी ॲप बनवतोय, बिल्डिंगच्या आतलं लोकेशन कसं कळणार? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही चारजणं मिळून आमच्या कॉलेजसाठी एक इमर्जन्सी ॲप बनवतोय आणि एका ठिकाणी पार अडकलोय.

मागच्या सेमिस्टरला संध्याकाळी लॅबमध्ये माझ्या मैत्रिणीला फिट आली, आम्ही दोघीच होतो, सिक्युरिटीला फोन लावला तर सारखा एंगेज, मग व्हॉट्सॲपवर लोकेशन पाठवलं आणि गार्डकाका धावत गेले ते शेजारच्या बिल्डिंगमध्ये, कारण पिन दोन बिल्डिंगच्या मधोमध दिसत होती आणि मजला तर त्यात कळतच नाही. ती आता बरी आहे, पण ती वीस मिनिटं माझ्या डोक्यातून जात नाहीत.

ॲपमध्ये सध्या एक लाल बटण आहे, दाबलं की नाव आणि जीपीएस लोकेशन कंट्रोल रूमला जातं. मैदानात मस्त चालतं, आत गेलं की गडबड. आणि बेसमेंटमध्ये नेटच नसतं, तिथे काय करायचं? शिवाय हॉस्टेलच्या मुली म्हणतात की आम्ही कुठे आहोत ते कोणी सतत बघणार असेल तर आम्ही ॲप टाकणारच नाही, आणि मला त्यांचं पटतं.

प्रतिसाद १:
ताई, मजल्यासाठी जीपीएसच्या मागे लागू नका. सॅटेलाइटचा सिग्नल मुळात क्षीण, स्लॅब आणि भिंतींतून आणखी पडतो, आणि उंचीतली चूक एका मजल्यापेक्षा सहज जास्त असते. फोन कॉलेजच्या वायफायला जोडलेला असेल तर तो कुठल्या ॲक्सेस पॉइंटवर (म्हणजे वायफायचा सिग्नल देणाऱ्या डब्यावर) आहे हे सिस्टीमला कळतं, आणि ते पॉइंट कुठल्या मजल्यावर लावलेत याची यादी आयटीवाल्यांकडे असायला हवी, ती मागा. त्याच्याही आधी प्रत्येक दारावर मोठ्या अक्षरात रूम कोड लावून घ्या. घाबरलेला माणूस क्यूआर स्कॅन करत बसत नाही, पण समोरचा कोड वाचून सांगू शकतो. नेट नसेल तर एसएमएस पाठवा, मात्र देवनागरीत एका मेसेजला ७० अक्षरंच मिळतात, इंग्रजीत १६०, म्हणून कोड छोटा ठेवा. तेवढीही रेंज नसेल तिथे भिंतीवर लँडलाइनच हवा. ट्रॅकिंगचं म्हणाल तर लोकेशन फक्त बटण दाबल्यावरच जावं आणि केस मिटली की बंद व्हावं.

प्रतिसाद २:
वरचं सगळं बरोबर, पण मला तुमच्या गोष्टीत एंगेज फोन जास्त खटकला. बटण दाबल्यावर पलीकडे कोण आहे? अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात २००७ साली पहिल्या गोळीबारानंतर विद्यार्थ्यांना पहिला ईमेल जायला दोन तासांच्या वर गेले. ईमेल होता, यंत्रणा होती, पाठवायचं ठरायलाच वेळ लागला. त्यामुळे ड्युटीवरच्या माणसाला कोणाला न विचारता अलर्ट सोडता येईल हे आधी लेखी करून घ्या, आणि एकाने ३० सेकंदांत उचललं नाही तर कॉल आपोआप पुढच्याकडे जाऊ दे. आणि रात्री एकदा खरंच बटण दाबून बघा, दिवसाची चाचणी काही सांगत नाही.

मूळ धागाकर्ती:
दोघांचेही खूप आभार. यादी उद्याच मागते. रात्रीचं मात्र आमच्या डोक्यातच आलं नव्हतं, आत्ता विचारलं तर कळलं की रात्री कंट्रोल रूममध्ये एकच काका असतात आणि राउंडला गेले की फोन टेबलावरच राहतो. त्यांना हातात मोबाईल द्यायचा की दुसरा माणूस मागायचा? तुमच्याकडे रात्री काय करतात ते कोणी सांगाल का?