आपल्या गावचं नाटक आणि आत्याबाईंची जन्मतारीख

ग्रुप: आपलं घर
5 नोव्हेंबर

ताई (पुणे): सगळ्यांना मराठी रंगभूमी दिनाच्या शुभेच्छा! 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं, त्याची आठवण म्हणून हा दिवस.

दादा (गाव): शुभेच्छा ताई. यंदाचं नाटक ठरलं बरं का. काल वडशाला जाऊन तिथल्या नाटक कंपनीचं बुकिंग करून आलो. सगळ्यांनी सुट्या काढून ठेवा.

लहान काकाजी (नागपूर): वडशाचं नाटक चांगलंच असते. पण आज दिवस रंगभूमीचा आहे, तं आपल्या गावच्या पोरांच्या मंडळाचीही आठवण काढा ना कोणी. मागच्या खेपेला आलो तेव्हा आबांच्या पेटीत हे सापडलं.
[फोटो]

ताई (पुणे): अरे बापरे, जाहिरातीचा कागद! 'एकच प्याला'. शंकरपटानिमित्त, म्हणजे बैलांच्या शर्यतीनिमित्त, रात्री ठीक 10 वाजता. खाली तिथी आहे, वार आहे, पण साल कुठेच नाही.

चुलतभाऊ (चंद्रपूर): साल कळू शकते. गावाच्या नावापुढे 'जि. चांदा' छापलं आहे. 1964 मध्ये चांद्याचं चंद्रपूर झालं. म्हणजे त्याच्या आधीचं.

दादा (गाव): तेवढ्यावरून नाही सांगता येत. आपले म्हातारे आजही चांदाच म्हणतात. छापणाराही तसाच असेल.

ताई (पुणे): मोठे काकाजी, तुम्ही पाहिलं होतं का हे नाटक?

मोठे काकाजी (गाव): (नातू टाईप करतो आहे, मी सांगतो आहे.) पाहिलं. मी सहा-सात वर्षांचा असेन. तेव्हा वडशाची कंपनी वगैरे काही नव्हतं आपल्याकडे. धान निघालं की गावातलीच पोरं नाटकाला लागत. शाळेचे गुरुजी तालीम घेत, मारुतीच्या देवळात, रात्रीची जेवणं झाल्यावर. निम्म्या पोरांना वाचता येत नव्हतं. गुरुजी एक वाक्य म्हणत, ते मागून म्हणत. असं दोन-अडीच महिने. मळणी करतानाही तोंडात तीच वाक्यं. ज्यानं तळीराम केला त्याला गाव मरेपर्यंत तळीरामच म्हणत होतं, आणि त्यानं आयुष्यात दारूला हात लावला नाही.

मोठे काकाजी (गाव): कापणी झालेल्या बांधीत मंडप. खाली तणस अंथरलेली. दोन गॅसबत्त्या. पडदे रंगवलेले, एक रस्त्याचा, एक घराचा. दिवसा पटात जोड्या धावल्या आणि रात्री तेच लोक नाटकाला बसले. आजूबाजूच्या गावांतून बैलबंड्या भरून आल्या होत्या. सिंधू आबांनी केली.

ताई (पुणे): आपले आबा??

मोठे काकाजी (गाव): आपले आबा. बाई कुठून आणणार तेव्हा? मिशी काढली म्हणून आठ दिवस घराबाहेर पडले नाहीत. मी समोरच बसलो होतो, ओळखलंच नाही. सुधाकरनं हात उगारला तेव्हा सगळ्या बाया रडायला लागल्या, त्यांच्यासोबत मीही रडलो. सकाळी आबा घरी आले, तोंडाचा रंग अर्धा पुसलेला, तेव्हा समजलं.

काकू (नागपूर): इतकी वर्षं या घरात आहे, हे कोणी सांगितलं नाही मला.

ताई (पुणे): मग हे मंडळ बंद कशानं पडलं? टीव्ही आला म्हणून?

लहान काकाजी (नागपूर): नाही. सगळे असंच म्हणतात, पण आपल्या गावी टीव्ही यायच्या कितीतरी आधी ते बदललं. माझ्या लहानपणी नागपूरहून नट्या आणायला सुरुवात झाली. छोट्या रेल्वेगाडीनं नागभीड, तिथं गाडी बदलून ब्रह्मपुरी, पुढं आपली बंडी. उतरायच्या आपल्याच घरी. आईनं त्यांना पाटोड्या करून घातल्या आहेत. त्यांना तालमीला वेळ नसे, एक रात्र मिळाली तरी पुष्कळ. म्हणून मंडळ तेच नाटक घेऊ लागलं जे त्यांना आधीच पाठ होतं. मग पोरांचं आणि त्यांचं काम शेजारी उभं राहिलं की फरक दिसे. लोक म्हणू लागले, हिरोही बाहेरचाच आणा. मग पडदे बाहेरचे, लाईट बाहेरचे. शेवटी गावच्या पोरांकडे राहिलं काय, तिकिटं फाडणं आणि मंडप बांधणं. मला त्याचं आजही वाईट वाटते.

दादा (गाव): काकाजी, तुमचा मान ठेवून सांगतो, मला हे पटत नाही. वडशाचे कलाकार काय मुंबईहून आले? तेही अशाच गावांतल्या मंडळांतून तयार झाले. गडचिरोली जिल्ह्यातल्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, ती आपल्या झाडीपट्टीच्या, म्हणजे इकडच्या धानाच्या मुलखातल्या, नाटकालाच मिळाली ना? आणि मंडळ बंद नाही झालं. 2014 मध्ये कोर्टानं पट बंद केला, 2021 च्या डिसेंबरात परवानगी आली. मधल्या वर्षांत बैल धावले नाहीत, पण नाटक आम्ही सोडलं नाही, फक्त कोरोनात थांबलं. शाळेची भिंत नाटकाच्या पैशातून झाली. घरोघरी वीस-पंचवीस पाहुणे येतात, रात्रभर नाटक पाहतात, सकाळी पोरगी पाहून जातात. आमचं लग्न तसंच जमलं.

वहिनी (गाव): खरं आहे. तिसरा अंक मी पाहिलाच नाही, चहा करत होते पाहुण्यांचा.

लहान काकाजी (नागपूर): तुम्ही पोरांनी नाटक टिकवलं, ते मी नाकारतच नाही. मी म्हणतो ते वेगळं. आबांच्या पिढीनं स्वतः तोंडाला रंग लावला. मळणी करणाऱ्या माणसानं रात्रभर सिंधू उभी केली, आणि त्याचा कुठं एक शब्द लिहिलेला नाही. त्यांच्यातलं आज गावात कोणी उरलं नाही. पाहणारे मोठे काकाजी आणि आणखी दोघं-तिघं.

वहिनी (गाव): लिहिलेलं आहे थोडं. फोटो पाहिल्यावर मी पेटी पुन्हा उघडली. तळाशी एक वही आहे, अर्धी कसरीनं खाल्लेली. मंडळाचा हिशेब दिसतो.
[फोटो]
[फोटो]

चुलतभाऊ (चंद्रपूर): हे पाहा! रुपये, आणे, पै असे तीन रकाने पाडले आहेत. नवे पैसे 1 एप्रिल 1957 ला आले. आणे लोक पुढंही बोलत राहिले, पण पैचा रकाना मांडून हिशेब त्यानंतर कोण लिहील? आणि पानावर वर 'एकच प्याला खर्च' असंच लिहिलं आहे. दादा, आता तरी मान्य कर.

दादा (गाव): हो, हे मान्य.

ताई (पुणे): घासलेट, सुतळी, खिळे, मिशा दोन, पावडर... शेवटची ओळ लागत नाही. 'लुगडे 1, ... परत दिले'?

वहिनी (गाव): 'हिरवे लुगडे 1, घरचे. डाग पडला. धुऊन परत दिले.'

आत्याबाई (ब्रह्मपुरी): मी सकाळपासून वाचते आहे. ते लुगडं आईचं. तिच्या तोंडून कितीदा ऐकलं आहे मी. तिनं नाटक पाहिलंच नाही, खोलीत बाळंतीण होती. लुगडं तिचं, नवरा तिचा, मंडपातला आवाज घरापर्यंत यायचा, पण उठून जाता येत नव्हतं. मी तेव्हा तीन दिवसांची होते.

ताई (पुणे): आत्याबाई! तीन दिवसांच्या? नक्की?

आत्याबाई (ब्रह्मपुरी): नाटकाच्या तीन दिवस आधी झाली, असंच म्हणायची. शाळेत गुरुजींनी 1 जून लिहून टाकली, आमच्या वेळच्या सगळ्यांची तशीच. साल 54 लावलं आहे, तेही अंदाजानंच. खरी तारीख आईलाही सांगता आली नाही. थंडी होती, पट होता, एवढंच.

ताई (पुणे): थांबा. कागदावर तिथी आणि वार दोन्ही आहेत. 1957 च्या आधीची पाच-सहा वर्षं घेऊन जुनी पंचांगं पाहिली, तर ती तिथी त्या वारी एखाद-दुसऱ्या वर्षीच आलेली असणार. मग तीन दिवस मागं जायचं. इथल्या ग्रंथालयात जुनी पंचांगं आहेत, शनिवारी जाते. वहिनी, कागदाच्या त्या कोपऱ्याचा उजेडात एक फोटो पाठवा. तिथीवर घडी पडली आहे.

वहिनी (गाव): लाईट गेली आहे. सकाळी अंगणात नेऊन काढते.

आत्याबाई (ब्रह्मपुरी): आठवणीनं काढ गं माय. सत्तरी उलटली, एकदा तरी खऱ्या दिवशी ओवाळून घेईन.