मदत हवी आहे: भाच्याला आजीजवळ ठेवू की होस्टेलला टाकू?

तापीकाठ: पोरगा एकदम गप्प झालाय. शाळेची वेळ झाली की पोट दुखतं, तपासण्या सगळ्या नॉर्मल. जेवत नाही, चिडतो. घरचे म्हणतात होस्टेलला टाका, चार पोरांत रमेल. माझं मन घेत नाही. सोमवारी फी भरायची आहे. ठेवू की पाठवू, तेवढं सांगा.

गिरणामाय: वय? कधीपासून? आईवडील कुठे?

तापीकाठ: 9. दिवाळीपासून. केळीच्या शेतीत देणं झालं, घरात रोज भांडणं. दोघं सुरतेला कामाला गेले. हा चोपड्याला आजीजवळ.

 

सातपुडा_७: आम्ही आश्रमशाळेतच वाढलो, काही बिघडलं नाही. लाडानं पोरं कच्ची राहतात.

गिरणामाय: लाड वेगळा, आधार वेगळा. रडू आलं तर जवळ घेणारं माणूस आहे, ही खात्री असलेलं पोर दुःख दाबत नाही, मदत मागतं. म्हणून ताण आला तरी नैराश्यात जायचा धोका कमी होतो. टळतोच असं नाही. भाऊ, तो आजीशी बोलतो का?

तापीकाठ: तिच्याशीच. झोपतोही तिच्याजवळच.

सातपुडा_७: आजी आईची जागा घेते होय?

शिक्षक_धुळे: घेऊ शकते. मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बीच्या 1951 च्या अहवालातही आई किंवा तिच्या जागी कायम असणारं माणूस असंच आहे. हवाईतल्या कवाई बेटावर 1955 साली जन्मलेल्या मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी कित्येक वर्षं मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आजारी आईबाप सोसूनही सुमारे एक तृतीयांश मुलं चांगली उभी राहिली. आजी, मावशी, शेजारी, कुणीतरी एक त्यांना धरून होतं.



अहिराणी_माय: आंडोरले (पोराला) आजीपासून तोडू नका भाऊ!

गिरणामाय: फी भरू नका. पण दिवाळीपासून चाललंय, एकट्या आजीवर सोडू नका. लहान मुलांचं नैराश्य चिडचिडीतून, पोटदुखीतूनही दिसतं. मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. तोवर 14416 ला फोन करा, टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, मोफत आहे. मरून जावंसं वाटतं का, हेही त्याला सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाला तर एकटं ठेवू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तापीकाठ: आज विचारतो. आई रोज फोन करते. बाप बोलतच नाही, लाज वाटते म्हणतो.

गिरणामाय: बापाला बोलायला लावा, रोज ठरलेल्या वेळी. भांडणं तुझ्यामुळे झाली नाहीत, हे पोरानं बापाच्या तोंडून ऐकायला हवं.