विषय: पाचशे डॉलरची रुगर घ्यावी का? (ओहायो, हरणाचा सीझन)

प्रेषक: निखिल, डब्लिन

नमस्कार मंडळी,

ढोल-ताशाच्या सरावाच्या मेलांमध्ये हा विषय घुसवतोय, सांभाळून घ्या. ऑफिसातल्या एकाने थँक्सगिव्हिंगनंतरच्या गन सीझनला (बंदुकीने हरणाच्या शिकारीचे दिवस) त्याच्या शेतावर बोलावलंय. हंटर एज्युकेशनचा कोर्स झाला, ग्रीनकार्ड आहे, बायकोचीही हरकत नाही (म्हणजे फारशी नाही). प्रश्न रायफलचा.

दुकानात रुगर अमेरिकन रँच बघितली, ३५० लेजंड या काडतुसाची, पाचशे डॉलरच्या आसपास. हातात घेतली तर स्टॉक (दस्ता) सरळसरळ प्लास्टिकचा, आणि बोल्ट (काडतूस आत ढकलणारा दांडा) सावकाश मागे ओढला की खरखरतो. शेजारी टिक्का टी३एक्स होती, .३०८ काडतुसाची. तिचा बोल्ट हाताला कळतही नाही इतका अलगद सरकतो, पण तीन-चारशे डॉलर जास्त. मित्र म्हणतो, स्वस्तातली घेशील आणि दोन वर्षांत विकशील. उलट यूट्यूबवर एकजण याच रुगरने शंभर यार्डांवर तीन गोळ्या नाण्याएवढ्या जागेत मारून दाखवतो. खरं कोणाचं धरू?

निखिल

——

प्रेषक: अविनाश, वेस्टरव्हिल

निखिल,

टिक्काचं आधी मिटवू. रायफल झकास आहे, फिनलंडला साकोच्या कारखान्यात बनते, वाईट बोलायला जागा नाही. पण .३०८ घेऊन तुला ओहायोत हरणावर जाताच येणार नाही. इथे हरणासाठी रायफल न्यायची तर सरळ भिंतीचंच काडतूस लागतं, म्हणजे ज्याचं पितळी कवच तोंडाशी अरुंद होत नाही असं, आणि व्यास .३५७ ते .५० इंचांच्या दरम्यान. २०१४ च्या आधी तेही नव्हतं. लोक शॉटगनमध्ये स्लग (छऱ्यांऐवजी एकच जाड गोळी) भरून जायचे, नाहीतर ठासणीची बंदूक घेऊन. (कोकणात शेती-संरक्षणाच्या परवान्यावर घरोघरी असते ना, तीच जात.) ३५० लेजंड विंचेस्टरने २०१९ मध्ये बाजारात आणलं ते अशाच राज्यांवर डोळा ठेवून. गोळीचा व्यास नेमका .३५७ आहे, तो काही योगायोगाने नाही. तुझ्या दुकानदाराने दोन्ही रायफली शेजारी ठेवून दाखवल्या, पण हे सांगितलं नाही, याचं मला नवल वाटत नाही.

आता पाचशे डॉलरला काय मिळतं ते. माझी हयात मशीन शॉपमध्ये गेली, आधी पिंपरीला, मग इथे. तेव्हा मी बघणार ते त्याच नजरेने.

बंदुकीत पैसा खातो तो फिटरचा हात. जुन्या रीतीने बॅरल (नळी) रिसीव्हरमध्ये, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या भागात, घट्ट बसवायची, चेंबर (काडतूस बसतं ती पोकळी) थोडं रीम करायचं, म्हणजे कोरायचं, गेज घालून बघायचं, परत थोडं रीम करायचं. बोल्टचं तोंड आणि काडतूस यांच्यातलं अंतर, ज्याला हेडस्पेस म्हणतात, ते बरोबर येईपर्यंत हेच. सॅव्हेजने १९५८ साली ११० नावाची रायफल काढली, तिच्यात ही कटकटच काढून टाकली. चेंबर आधीच पूर्ण कापलेलं. गेज आत ठेवायचा, बोल्ट बंद करायचा, बॅरल गेजला टेकेपर्यंत आट्यांवर फिरवत आणायची आणि वरून नट आवळायचा. संपलं. आपण शॉपमध्ये लॉकनट लावतो तसंच. रुगरने २०१२ मध्ये अमेरिकन काढली तेव्हा तिच्यातही बॅरल नटच घातला. फिटरचा वेळ वाचला, माप मात्र पूर्वीइतकंच नेमकं, कारण ते गेज ठरवतो, फिटर नाही.

बॅरलचंही तसंच. कोल्ड हॅमर फोर्जिंग म्हणजे उलट्या रायफलिंगचा (गोळी फिरवणाऱ्या आतल्या खाचांचा) मँड्रेल, म्हणजे साच्याचा दांडा, नळीत घालायचा आणि बाहेरून चारी बाजूंनी हातोडे मारून पोलाद त्याच्यावर दाबायचं. मशीन भलतं महाग, पण एकदा बसवलं की नळ्या भराभर पडतात आणि सगळ्या एकसारख्या. स्टॉक साच्यातून ओतलेला, तो स्वस्तच. पण रिसीव्हर नुसता प्लास्टिकवर टेकलेला नाही. आत धातूचे व्ही आकाराचे दोन ठोकळे आहेत, तो त्यांच्यात बसतो. काही वर्षांपूर्वीपर्यंत असलं काम करून घ्यायला लोक गनस्मिथला वेगळे पैसे मोजत.

मग वाचवलं कुठे? पॉलिशमध्ये. तुला जी खरखर लागली ती टूलच्या खुणांची. बोल्ट दुकानात चोरासारखा हळू ओढला की जाणवते, जोरात ओढला की नाही. टीव्हीसमोर बसून रिकाम्या रायफलचा बोल्ट आठवडाभर मागेपुढे कर, निम्मी जाईल. बोल्टला तीन लग (बंद केल्यावर अडकणारे दात) आहेत, त्यामुळे हँडल ७० अंशच उचलावं लागतं, दोन लगांच्या बहुतेक बोल्टना ९० लागतात. दुर्बीण बसवली की बोटांना जागा राहते, हा फायदा. उचलायला जरा जड, हा तोटा.

आता यूट्यूबवाला. तीन गोळ्यांच्या एका ग्रुपवरून (कागदावरच्या भोकांच्या झुबक्यावरून) काही सिद्ध होत नाही. कुठलीही बरी रायफल दिवसभरात एखादा असा ग्रुप देतेच, आणि व्हिडिओत तोच येतो. दहा गोळ्या एकाच कागदावर मारून दाखव म्हणावं. शंभर यार्डांवर एक एमओए (अचूकता मोजायचं कोनाचं माप) म्हणजे साधारण १.०५ इंच. या वर्गातल्या रायफलीने तुला योग्य काडतुसावर दहा गोळ्या दोन इंचांत दिल्या तर ती चांगली आहे असं मी म्हणेन. दोन इंच ऐकायला ढिसाळ वाटतं. पण हरणाचं मर्मस्थान साधारण आठ इंचांचं, आणि आपल्या इथल्या रानात बहुतेक गोळी शंभर यार्डांच्या आतच मारली जाते. दीडशे यार्ड धरलंस तरी रायफलीचा वाटा तीन इंच. उरलेले पाच इंच तुझे: तुझा श्वास, तुझे थंडीने कडक झालेले हात, हरीण समोर आल्यावर उडणारी छाती. चारशे डॉलर जास्त टाकून तू रायफलीच्या वाट्यातला अर्धा-पाऊण इंच विकत घेणार. तुझा वाटा आहे तेवढाच राहणार. तो फक्त गोळ्या झाडून कमी होतो, आणि गोळ्यांना पैसे लागतात.

एका गोष्टीवर मात्र बारीक नजर ठेव: स्टॉकचा पुढचा भाग. खिशातली डॉलरची नोट बॅरलखाली घाल आणि पुढून रिसीव्हरपर्यंत सरकवत ने. सरळ जाईल. मग स्टॉकचं टोक बॅरलकडे अंगठ्याने दाबून परत सरकव. अडकली तर समज, प्लास्टिक लवतंय. टोकाला बायपॉड (दोन पायांचा टेकू) लावून वजन टाकलंस किंवा पट्टा दंडाला गुंडाळून ताणलास की ते बॅरलला टेकणार आणि गोळी नेमापासून सरकणार. म्हणून पिशवीवर टेकवायची तर मॅगझिनच्या अगदी पुढे टेकव, टोकाला नाही. याने न घेण्याचं कारण होत नाही, वापरायची रीत तेवढी ठरते.

अविनाश

——

प्रेषक: शुभदा, पॉवेल

मंडळी, मला राहवत नाही म्हणून लिहिते. ही लिस्ट मंडळाची आहे ना? इथे पाडव्याचे, गणपतीचे मेल येतात. हरणं मारायची चर्चा इथे कशाला? शिवाय निखिलच्या घरी आमची मुलं खेळायला जातात. रायफल घरी येणार असेल तर ती कुठे ठेवणार हे मला आधी कळलं पाहिजे. अचूकता वगैरे नंतर.

शुभदा

——

प्रेषक: लिस्ट व्यवस्थापन

कायदेशीर विषय आहे, लिस्टच्या नियमांत बसतो. ज्यांना नको त्यांनी हा धागा म्यूट करावा. कृपया वैयक्तिक होऊ नये.

——

प्रेषक: वैशाली, हिलियर्ड

शुभदाताईंचा दुसरा मुद्दा मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो, त्यामुळे त्याचंच लिहिते. आमच्या घरी मुलगी फोर-एचच्या (इथली मुलांची संघटना) शूटिंगमध्ये आहे, .२२ वापरते. रायफल कुलपाच्या कपाटात, कपाट भिंतीला बोल्टने ठोकलेलं, गोळ्या दुसऱ्या खोलीत वेगळ्या कुलपात, किल्ल्या आमच्या दोघांकडेच. नव्या रायफलीच्या खोक्यात केबलचं कुलूप येतं, पण त्यावर भागवू नये. निखिल, पाचशेच्या हिशेबात कपाट धर. शुभदाताई, मुलं कोणाच्याही घरी जाताना "घरात बंदूक आहे का, कुठे असते" हे मी फोनवर सरळ विचारते. अमेरिकन आया पण विचारतात, कोणाला राग येत नाही.

दुसरं. निखिल, तू आजवर किती गोळ्या झाडल्यात? कोर्समधल्या सोडून? अविनाशकाकांनी म्हटलेले पाच इंच कमी करायचे तर .२२ घे, ती जवळजवळ धक्काच देत नाही आणि गोळी सेंटांमध्ये येते. स्वप्नील कुसळेने २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य मिळवलं ते ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये, आणि तो सगळा प्रकार .२२ चाच. तेव्हापासून आमची कन्या गुडघ्यावर बसण्याची पोझिशन मन लावून करते, आधी पाय दुखतो म्हणून टाळायची. कोणाला मुलांना खेळ म्हणून दाखवायचा असेल तर लेक एरीकाठी कॅम्प पेरी आहे, १९०७ पासून तिथे राष्ट्रीय स्पर्धा होतात. तिथे शिकार नाही, नुसते कागद. शुभदाताई, हे तुम्हालाही चालेल.

वैशाली

——

प्रेषक: मंदार, कोलंबस

ग्रीनकार्डवाल्यांचं ठीक, पण लिस्टवर एच-वनवाले बरेच आहेत म्हणून लिहितो. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असणाऱ्याला केंद्रीय कायद्याने बंदूक विकत घेता येत नाही आणि जवळही बाळगता येत नाही. अपवादांतला नेहमीचा म्हणजे कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. लायसन्सची मुदत संपली की अपवादही संपला, आणि रायफल घरात असेल तर ती तेव्हाही घरातच असते, हे लोक विसरतात. दुकानात ४४७३ नावाचा फॉर्म भरतात, त्यात हे स्पष्ट विचारलेलं असतं. त्यावर खोटं लिहिणं हा गंभीर गुन्हा आहे. मित्राच्या पैशाने, मित्रासाठी, आपल्या नावावर घेणं हाही. ग्रीनकार्ड ज्यांचं प्रोसेसमध्ये आहे त्यांनी वकिलाला विचारल्याशिवाय या भानगडीत पडू नये.

मंदार

——

प्रेषक: निखिल, डब्लिन

सगळ्यांचे आभार. शुभदाताई, कपाट आधी येईल, रायफल नंतर. येऊन बघून जा.

अविनाशकाका, दोन शंका. सॅव्हेज ॲक्सिस पण ३५० लेजंडमध्ये आहे आणि दुर्बिणीसकट जवळपास तेवढ्यातच मिळते. मग ती का नको? आणि ४५० बुशमास्टर जास्त दणकट म्हणतात, तर तीच घ्यावी का?

——

प्रेषक: अविनाश, वेस्टरव्हिल

बुशमास्टर नको. गोळी .४५२ ची, धक्का जबर. रुगर त्या मॉडेलला पुढे मझल ब्रेक (धक्का कमी करणारा तुकडा) लावून देते यातच काय ते आलं. काडतुसंही महाग. नवा माणूस दोन डब्यांत चाप ओढताना डोळे मिटायला शिकतो, आणि ती सवय जाता जात नाही. ३५० लेजंडचा धक्का खांद्याला सोसवतो. रँचची नळी सोळा इंचांची आहे, आवाज मात्र कानठळ्या बसवणारा. रेंजवर प्लग आणि वरून मफ, दोन्ही.

ॲक्सिस रायफल म्हणून बरोबरीची आहे, मी हिच्यात-तिच्यात भांडणार नाही. हातात घेऊन जी खांद्याला नीट बसेल ती घे. माझा आक्षेप दुर्बिणीला. ओहायोत सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून गोळी मारता येते आणि सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत, आणि हरणं बाहेर पडतात ती त्याच वेळात. पॅकेजमधल्या दुर्बिणीतून दुपारी बारा वाजता सगळं छान दिसतं. संध्याकाळी सव्वापाचला झाडाचं खोड आणि हरीण यातला फरक कळत नाही. रायफलीत वाचवलेले पैसे इथे घाल. आणि रिंगांचे स्क्रू स्वतः टॉर्क रेंचने आवळ, पत्रकात लिहिलेल्या इंच-पाउंडांना. दुकानातून लावून आलेल्या दुर्बिणीचे स्क्रू हातानेच फिरतात, असं मी इतक्यांदा पाहिलंय की सांगायची सोय नाही. मग ग्रुप फाटतो आणि लोक बॅरलच्या नावाने खडे फोडतात.

मॅगझिनमध्ये पाच बसत असल्या तरी हरणाच्या सीझनला चेंबर आणि मॅगझिन मिळून तीनच गोळ्या. नारिंगी जॅकेट लागतं. आणि मित्राच्या शेतावर असलं तरी जमीनमालकाची लेखी परवानगी खिशात पाहिजे.

घेतलीस की कळव. तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या काडतुसांची एकेक डबी आण, एकाच कंपनीच्या तीन नको. रायफलीला कुठली मानवते ते आधी बघू, मग त्या एकीचीच सीझनला पुरतील इतकी घेऊ. पातळ नळी लवकर तापते, दर तीन-चार गोळ्यांनी थांबावं लागतं, तेव्हा निम्मा दिवस हाताशी ठेव. शनिवारी रेंजवर आठला ये. दहानंतर बेंच मिळत नाही.

अविनाश

——

प्रेषक: शुभदा, पॉवेल

वैशाली, कॅम्प पेरीला मुलांना आत बघायला सोडतात का? वयाची अट आहे का? माझा धाकटा मागे लागलाय.